इनामगाव, जोर्वे, दायमाबाद: महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इनामगाव कुठंय आणि त्याचं एवढं कौतुक कशासाठी?

पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणाई केली, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. कौतुक यासाठी की बाकी बहुतेक ठिकाणी चार खड्डे घेतात, खापरं मोजतात, थर लिहून काढतात आणि पुढच्या सायटीवर जातात, इथे मात्र गाव आडवं उघडलं. म्हणजे खोल भोक न पाडता पसरट खणत गेले, त्यामुळे शंभरापेक्षा जास्त घरं सापडली, चुली सापडल्या, धान्य साठवायच्या जागा सापडल्या, कोणाचं घर कोणाच्या शेजारी होतं हे दिसलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची गल्लीसकट माहिती भारतात फार कमी ठिकाणी मिळते.

राजवाडा नाही, किल्ला नाही, शिलालेख नाही. साधं शेतकऱ्यांचं गाव आहे आणि माझ्या मते म्हणूनच ते महत्त्वाचं आहे, कारण संस्कृती कशी सुरू झाली हे शहरांच्या अवशेषांत कळत नाही, शहर होईपर्यंत अर्धी गोष्ट घडून गेलेली असते.

महाराष्ट्रात माणूस नेमका कधीपासून आहे?

शेतीच्या खूप, खूप आधीपासून. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी आहे, तिथे दगडी हातकुऱ्हाडी आणि ज्वालामुखीची राख सापडली. आपल्याकडे तेव्हा ज्वालामुखी नव्हता, राख बाहेरून उडत आली, आणि तिचं वय काढण्यावरून जी जुंपली ती मजेदार आहे: एका पद्धतीने १४ लाख वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साधारण पावणेसात लाख, आणि काही जण म्हणतात ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७५ हजार वर्षांपूर्वीची राख. एकाच राखेची तीन वयं. पुढच्या वेळी कोणी "अमुक लाख वर्षं जुनं, सायंटिस्टनी सिद्ध केलं" असा फॉरवर्ड टाकला की बोरी आठवा.

चाळीसगावजवळ पाटणे आहे, तिथे पुरातत्त्वज्ञ साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. होय, जळगाव जिल्ह्यात शहामृग होते. कोकणातली कातळशिल्पं पण लोक लगेच विचारतात, ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कोरलेल्या चित्राचं वय थेट काढणं अवघड असतं म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

मग शेती कधी आली? आणि हे सावळदा, माळवा, जोर्वे काय प्रकरण आहे?

ही राजघराणी नाहीत हे आधी सांगतो, कारण बरेच जण "जोर्वे राजांच्या काळात" असं लिहितात. जिथे एखाद्या प्रकारची भांडी पहिल्यांदा ओळखली गेली त्या जागेचं नाव त्या काळाला चिकटतं, बस्स. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खणलं, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या आणि काळ्या नक्षीची लाल भांडी निघाली, मग तशी भांडी जिथे जिथे सापडली ते सगळं जोर्वे. अशी २०० पेक्षा जास्त ठिकाणं आता माहीत आहेत, तापी, गोदावरी-प्रवरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत.

ढोबळ हिशेब असा: सावळदा इ.स.पू. २२०० च्या आसपास, माळवा १६०० ते १४००, जोर्वे १४०० ते १०००, आणि इनामगावसारख्या काही ठिकाणी उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेचा शेवटचा टप्पा, १००० ते ७००. काळ ताम्रपाषाण, म्हणजे तांबं माहीत होतं पण परवडत नव्हतं, रोजची कापाकापी दगडाच्या पात्यांवरच. दख्खनचा काळा कातळ घरं बांधायला भारी पण त्यात तांब्याच्या खाणी नाहीत, सगळं तांबं बाहेरून यायचं, त्यामुळे तांब्याचा गळ किंवा छिन्नी सापडली की खणणारे खूश होतात आणि चाल्सेडनी या गारेसारख्या दगडाची पाती मात्र टोपलीने गोळा होतात.

लिखाण नाही तर तारखा कुठून आणल्या?

कार्बन डेटिंग. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत त्याच्यात कार्बन-१४ भरत राहतो, मेला की भरणं थांबतं आणि असलेला कमी व्हायला लागतो, ५७३० वर्षांत निम्मा. म्हणून चुलीतला कोळसा किंवा जळका दाणा मिळाला की काम होतं. इथल्या सायटींच्या तारखा आधी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणि नंतर अहमदाबादच्या पीआरएल या प्रयोगशाळेत काढल्या गेल्या.

एक लक्षात ठेवा, तारीख कोळशाची येते, खापराची नाही. तो कोळसा ज्या थरात मिळाला तो थर नीट वाचला असेल तरच तारखेला अर्थ. घुशीने बीळ पोखरून वरचा कोळसा खाली नेला असेल तर लॅब कितीही भारी असू दे, उत्तर चुकणार. त्यामुळे मशीनपेक्षा ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या खड्ड्यात, गवंड्याची छोटी करणी घेऊन बसलेल्या माणसाचा डोळा जास्त मोलाचा असतो असं मला तरी वाटतं.

जोर्वे खापर ओळखायचं कसं?

लाल किंवा नारिंगी अंग, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, रेघा, जाळी, चौकटी. चाकावर घडवलेलं, पातळ, आणि भाजणी इतकी पक्की की नखाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. ठरलेले दोन आकार म्हणजे मध्ये धार असलेला वाडगा आणि तोटीचं भांडं. इनामगावला कुंभाराची भट्टीही मिळाली. उत्तर जोर्वेत ही भांडी जाडीभरडी होत जातात, नक्षी कमी होते, आणि खापरांच्या टोपल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर वाईट दिवस आलेले अक्षरशः हाताला लागतात.

ते खायचे काय? भाकरी होती का?

ज्वारीची भाकरी विसरा, ज्वारी मुळात आफ्रिकेची आणि इथे मुख्य पीक होतं जव. सोबत गहू, थोडा तांदूळ, मसूर, वाटाणा, हुलगा, तीळ. मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा यातलं काही नाही, ते पोर्तुगीज आल्यानंतर आलं, म्हणजे शेंगदाण्याची चटणी "प्राचीन" म्हणून विकणाऱ्यांनी सबुरीने घ्यावं. बोरं, जांभळं, आवळे होते. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या पाळायचे आणि खायचेही, हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. हरीण, सांबर, ससा, मासे, कासव, खेकडे हेही ताटात.

हे कळतं कसं, तर माती पाण्यात घोळवतात, जळके दाणे वर तरंगतात, ते गाळून घेतात आणि मग कोणीतरी मायक्रोस्कोपखाली एकेक दाणा ओळखत बसतं. जळणं ही इथे चांगली गोष्ट, न जळलेला दाणा कुजून जातो.

साठवण तर गावाकडच्या कोणालाही लगेच ओळखू येईल. जमिनीत पेवं होती, आतून चुना लावलेली. कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे होते. चार पायांच्या मोठ्या रांजणाखाली ठेवायचे चार चपटे दगड जागच्या जागी मिळाले. घर पडलं, कूड गेला, छप्पर गेलं, पण ते चार दगड बघितले की रांजण कुठे होता ते कळतं.

घरं कशी होती?

सुरुवातीला चौकोनी, कुडाची, वर शाकारलेली, शेणामातीने सारवलेली जमीन, अंगण, चूल. जोर्वे काळात घरांची मांडणी बऱ्यापैकी शिस्तीत, दोन घरांमधून वाट सोडलेली. कारागीर गावाच्या एका बाजूला राहायचे असं दिसतं, कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा. उत्तर जोर्वेत मोठी चौकोनी घरं जातात आणि छोट्या गोल झोपड्या दाटीवाटीने येतात.

मेलेल्या माणसाचे पाय तोडून पुरायचे हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला करून पुरायचे आणि घोट्याखालचे पाय कापलेले. तेही कुठे, तर घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे, जमिनीत आडवी, आणि मुलांचे पाय कापलेले नसायचे. शेजारी वाडगा, तोटीचं भांडं. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, त्या तांब्याच्या गंजामुळे आतल्या धाग्याचे अवशेष टिकले.

इथे जरा थांबून विचार करा. मूल गेलं, आईने की बापाने ते मडक्यात ठेवलं, गावाबाहेर नेलं नाही, ज्या जमिनीवर रोज झोपायचं तिच्याखालीच ठेवलं आणि वरून सारवलं. त्या मडक्यांची संख्या मोठी आहे, म्हणजे मुलं किती जात होती याचा अंदाज करता येतो. "पूर्वीचे लोक निसर्गाच्या सान्निध्यात शंभर वर्षं जगायचे" हे ऐकलं की मला इनामगावची ती मडकी दिसतात.

पाय का कापायचे? नेहमीचं उत्तर म्हणजे मेलेल्याने उठून दुसरीकडे जाऊ नये, घरातच राहावं. पटण्यासारखं आहे, पण हा तर्क आहे, हाडांवर कारण लिहिलेलं नसतं. आणि भुताचे पाय उलटे असतात ही आपल्याकडची समजूत किंवा उत्तरेला डोकं करून झोपू नये हा नियम थेट इनामगावातून आला असं जे फिरतं त्याला मधल्या तीन हजार वर्षांचा एकही पुरावा जोडलेला नसतो.

गावाचा कोणी पाटील होता का?

खणणाऱ्यांचं म्हणणं होतं, होता. गावाच्या मध्यावर एक पाच खोल्यांचं घर मिळालं, बाकी घरांच्या मानाने मोठं, आणि लागूनच धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला होता, फुगीर पोटाचा, आणि आत मांडी घालून बसवलेला पुरुष. पाय शाबूत! गावात मोठ्यांचे पाय कापतात आणि याचे नाही, याला आडवं नाही तर बसवलेलं, तेही रांजणात. काहीतरी वेगळा मान होता हे नक्की.

यावरून ढवळीकरांनी मांडलं की इथे मुखिया होता, गावाचं धान्य त्याच्याकडे जमा व्हायचं आणि गरजेनुसार वाटलं जायचं. नदीचं पुराचं पाणी वळवायला पाट आणि दगडमातीचा बांध होता, तेही एकट्यादुकट्याचं काम नाही, कोणीतरी गाव कामाला लावलं असणार. मला हे बरंचसं पटतं. पण मोठं घर म्हणजे सत्ता आणि कोठार म्हणजे कर असा सरळ हिशेब लावायलाही नको, ते कोठार गावकीचं असेल आणि शेजारचा माणूस नुसता किल्ली सांभाळणारा असेल, हेही शक्य आहेच ना.

त्यांचे देव कोणते?

एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली, तिच्यासोबत बाईच्या मूर्ती, त्यातली एक बिनडोक्याची, आणि एक बैल. बिनडोक्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक, मध्ये काडी घातली की बाई बैलावर बसते. कोणी देवी म्हणतं. मूर्ती भाजलेली नाही, म्हणजे कायम टिकवायचीच नव्हती, कार्यापुरती केली आणि पुरली असं वाटतं. नाव काय, कशासाठी, हे विचारू नका, ते सांगणाऱ्याकडे कल्पनाशक्ती जास्त आणि पुरावा कमी असतो.

मग याला सिव्हिलायझेशन म्हणायचं की नाही?

पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डने १९५० मध्ये शहरी संस्कृतीच्या दहा खुणा सांगितल्या होत्या: मोठी वस्ती, पूर्णवेळ कारागीर, जमा केलेला वरकड माल, मोठ्या सार्वजनिक इमारती, लिपी वगैरे. त्या यादीवर टिकमार्क करत गेलं तर इनामगाव नापास. पाच हेक्टरचं गाव, लिपी नाही, वजनमापांचं प्रमाण नाही. त्याच्या हजारेक वर्षं आधी हडप्पा-मोहेंजोदडोत शहरं होती, इराकमध्ये उरुकला तर इ.स.पू. ३२०० च्या आसपास लिहायलाही लागले होते.

पण यादीचा प्रॉब्लेम असा की ती शिडी समजली जाते, आधी शिकार, मग शेती, मग गाव, मग शहर, वर वर वर. तुर्कस्तानात गोबेकली टेपेला इ.स.पू. ९५०० च्या सुमारास शिकारी लोकांनी टनावारी वजनाचे दगडी खांब उभे केले, शेती नीट सुरू व्हायच्या आधी. बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारास शेती आली पण शहरं यायला त्यानंतर चारेक हजार वर्षं गेली. आणि इनामगावात सगळं होतं, धान्य, कोठार, पाट, कारागीर, बहुधा मुखियासुद्धा, आणि तरी ते शहर झालं नाही, उलट आटत गेलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातल्या शिडीत बसत नाही म्हणून ती जास्त लोकांना माहीत नसावी.

आणि दायमाबादचा तो रथ?

श्रीरामपूर तालुका, अहिल्यानगर म्हणजे आधीचा नगर जिल्हा, परत प्रवरेचा काठ. १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, त्यावर उभा हाकणारा. सगळं मिळून वजन ६० किलोच्या वर, भरीव ओतकाम, हत्तीच्या आणि रेड्याच्या खाली चाकांचे आस घालायची सोय. ज्या भागात तांब्याचा गळसुद्धा जपून वापरायचे तिथे एकदम ६० किलो धातू! त्यामुळेच वाद. बरेच जण या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, कारण दायमाबादला हडप्पा लिपीच्या खुणा असलेल्या मुद्रा आणि खापरं खरंच मिळाली आहेत. दुसरी बाजू म्हणते, वस्तू शास्त्रशुद्ध ट्रेंचमध्ये मिळालेल्या नाहीत आणि धातूत आर्सेनिकचं प्रमाण त्या काळाशी जुळत नाही.

बघायच्या असतील तर दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. फोटोत रथ केवढा तरी मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब आहे.

ही गावं ओस का पडली?

इ.स.पू. १००० च्या आसपास गोदावरी-प्रवरा भागातली बहुतेक जोर्वे गावं रिकामी होतात, भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी थोडी गावं आणखी ३०० वर्षं तग धरतात आणि मग तीही संपतात. ढवळीकरांचं स्पष्टीकरण होतं हवामान, पाऊस कमी झाला, शेती धोक्यात आली. पुरावा म्हणून गोल झोपड्या, भरड भांडी, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर वाढलेला भर. शिरूर, दौंड, नगरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, तिथे पाऊस एक वर्ष हुकला तरी छावण्या लागतात आणि जनावरं विकायची वेळ येते.

इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांचा आणि दातांचा पुढे बराच अभ्यास झाला, जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी, नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी. मुलांच्या वाढीवर ताण पडल्याच्या खुणा त्यात दिसतात. मात्र सगळे लोक मेंढपाळ होऊन भटकायला लागले या भागावर आक्षेप आहेत, गोल झोपडी म्हणजे भटकं आयुष्य असं काही गणित नाही. माझं मत विचाराल तर नुसता पाऊस पुरेसा नाही, दुष्काळ याआधीही आले असणारच, पण पेवं रिकामी व्हायला लागल्यावर गावाने एकत्र राहण्याचं कारणच कमी होत गेलं असावं, माणसं एकदम मेली नाहीत, एकेक घर निघून गेलं.

हे आपले पूर्वज का? मराठी बोलायचे का?

मराठी नक्कीच नाही, मराठी खूप नंतरची. कुठली भाषा बोलायचे हे खापरावरून कळत नाही, भांडं कुठल्याही भाषेत फुटतं. काही रक्त आपल्यात आलेलं असणं अगदी शक्य आहे पण "आमच्याच जातीचे" असं म्हणत जे पोस्ट टाकतात त्यांच्याकडे इनामगावचा कुठला डीएनए रिपोर्ट असतो ते एकदा विचारा. राखीगढीचा २०१९ चा डीएनए पण हरियाणातल्या एका हडप्पा काळातल्या बाईचा आहे, तो घेऊन शिरूरबद्दल निकाल देता येत नाही.

प्रत्यक्ष बघायला काय आहे?

गावात जाऊन मोठं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, उत्खननाचे ट्रेंच काम झाल्यावर सहसा बुजवतात, उघडे ठेवले तर दोन पावसाळ्यांत कोसळतात. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम आहे, जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

आमच्या शेतात अशी खापरं निघतात, काय करू?

आधी खणू नका. जुन्या वस्तीचं टेकाड ओळखणं सोपं आहे, आजूबाजूला काळं रान आणि मध्येच राखाडी-पांढुरकी भुसभुशीत माती, तिच्यात खापरं, हाडं, राख. गावोगावी अशा पांढरीची माती घरं लिंपायला आणि शेतात टाकायला ट्रॉल्या भरभरून नेली, आता जेसीबी आहे म्हणजे एका दुपारचं काम. चोरांपेक्षा जास्त नुकसान यानेच झालंय.

खापर जिथे आहे तिथेच ठेवून फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा आणि तालुक्याला तहसीलदाराकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. नाणी, दागिने, मूर्ती असं काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, दहा रुपयांच्या वरची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते, लपवली तर गुन्हा. जमीन लगेच सरकारजमा होते ही भीती बहुतेक ठिकाणी उगाच असते, नुसती खापरं सापडली म्हणून कोणी सातबाऱ्यावरून नाव काढत नाही. आणि ऑनलाइन विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा, परवान्याशिवाय पुरावस्तूंचा धंदा करता येत नाही.